चिखलदऱ्यात निसर्गाचा अभ्यास करायचाय? आधी जमिनीचा एक तुकडा निवडा

अमरावती, अकोला, अचलपूर, अकोटच्या महाविद्यालयांतून दरवर्षी कितीतरी मुलं 'जैवविविधतेचा प्रकल्प' करायला चिखलदऱ्याला जातात. एक बस, दोन दिवस आणि वहीभर नावं. परत आल्यावर यादी टाइप होते, तिला रंगीत मुखपृष्ठ लागतं आणि ती विभागाच्या कपाटात जाते. यादीत साग असतो, मोह असतो, मोर असतो, सांबर असतं. आदल्या वर्षीच्या यादीतही तेच होतं. मुलांच्या उत्साहाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो उत्साह वाया जातो याचं मात्र वाईट वाटतं, कारण चिखलदरा आणि भोवतालच्या मेळघाटात साधे, एखाद्या विद्यार्थ्याला किंवा निवृत्त शिक्षकाला सहज झेपतील असे प्रश्न अजून उत्तराविना पडून आहेत. त्यांना हात घालायचा असेल तर सुरुवात कुठून करावी, परवानगी कुठे लागते, नोंद कशी ठेवावी आणि ती कुणाकडे सोपवावी, हे इथे सांगतो आहे.

आधी जागा समजून घ्या. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, खालच्या तापलेल्या वऱ्हाडी सपाटीच्या डोक्यावर हे पठार उभं आहे. पावसाळ्यात परतवाड्याला लख्ख ऊन असतं, तेव्हा वर देवी पॉइंटला दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही. विदर्भात कॉफी पिकते ती फक्त इथे. पठाराच्या उत्तरेचं पाणी सिपना, खंडू, खापरा या नद्यांतून थेट तापीकडे जातं. दक्षिणेचं पाणी खाली सपाटीला उतरून पूर्णेला मिळतं आणि पूर्णेच्या वाटेने शेवटी तापीलाच पोचतं. पायथ्याशी कोरडं सागाचं रान, दऱ्यांत ओलसर सावली, माथ्यावर गवताचे उघडे माळ. इतकी विविधता एका दिवसाच्या पायपिटीत पाहायला मिळावी, असं ठिकाण वऱ्हाडात दुसरं नाही.

सातपुड्याला शास्त्राच्या इतिहासातही एक जागा आहे. मत्स्यतज्ज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांना एक कोडं पडलं होतं. पूर्व हिमालयातल्या वेगवान ओढ्यांत राहणाऱ्या माशांचे सगेसोयरे पश्चिम घाटात सापडतात, मग मधल्या कोरड्या मुलखातून ते तिकडे पोचले कसे? १९४०च्या दशकात त्यांनी मांडलं की एकेकाळी अधिक ओल्या असलेल्या विंध्य-सातपुड्याच्या रांगांनी त्यांना वाट दिली. पुढे या कल्पनेवर बराच वाद झाला, आजही सगळे ती मान्य करत नाहीत. पण चिखलदऱ्याच्या ओढ्यात किंवा दरीतल्या शेवाळात काय आहे, हा प्रश्न चिखलदऱ्यापुरता नाही, एवढं त्यावरून नक्की ध्यानात येतं.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. पुण्या-मुंबईकडचा विद्यार्थी वनस्पती ओळखायला थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ उघडतो. १९०१ ते १९०८ या काळात निघालेला तो ग्रंथ अजूनही कामाचा आहे. पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं. १८५३ मध्ये ते निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. त्यामुळे कुक यांच्या पानांत मेळघाट नाही, आणि पुस्तकात मेळघाटाचं नाव नाही म्हणून झाड मेळघाटात नाही असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात. आपल्यासाठी खरी सुरुवात १९१६ मध्ये निघालेल्या डी. ओ. विट यांच्या उत्तर व वऱ्हाड वनवृत्तांच्या सूचीपासून होते. मग १९६८ मधलं आर. आय. पटेल यांचं मेळघाटच्या वनस्पतींचं पुस्तक येतं, आणि १९८८ मध्ये व्याघ्र प्रकल्पाने प्रसिद्ध केलेली ढोरे आणि जोशी यांची सूची. जायच्या आधी महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून या तिन्हींतली चिखलदऱ्याची, गाविलगडाची, वैराटची नावं एका वहीत उतरवून काढा. काम कंटाळवाणं आहे. पण पुढे रानात एखादं झाड दिसलं की शंभर वर्षांपूर्वी ते इथे नोंदलं होतं की नाही, हे तुम्हाला जागेवर कळेल. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' जवळ ठेवा. त्यांनी मेळघाटात व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक म्हणून काम केलं होतं, त्यामुळे हे रान त्यांच्या पायाखालचं होतं.

आता नोंदीच्या प्रामाणिकपणाबद्दल. मेळघाटात काम करू पाहणाऱ्याने रानपिंगळ्याची गोष्ट मुळातून माहीत करून घेतली पाहिजे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या छोट्या घुबडाचं पहिलं वर्णन केलं. त्यानंतर काही मोजके नमुने मिळाले, त्यांतले बरेच जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशातून मिळवले होते. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माईनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा निघाला. त्याच्यावर चिठ्ठी होती : गुजरातेतलं मांडवी, १९१४. पक्षी शोधणारे त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून गुजरातेत शोधत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. चिठ्ठी खोटी होती. तो पक्षी डेव्हिडसन यांच्याच जुन्या नमुन्यांतला, चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला होता. खोटी जागा वगळून खऱ्या जुन्या ठिकाणांवर जायचं ठरलं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटातही सापडला आणि आज या पक्ष्याच्या टिकून राहण्याच्या दृष्टीने मेळघाट फार मोलाचा आहे.

म्हणजे एका चिठ्ठीवरच्या दोन खोट्या शब्दांनी कित्येक वर्षांचं शोधकाम चुकीच्या वाटेला लावलं. आपण कुणी चोऱ्या करणार नाही, पण 'चिखलदरा परिसर, पावसाळा' अशी चिठ्ठी लिहिणाराही पुढच्या माणसाची वाट तितकीच अडवतो. चिठ्ठीवर जागेचं नाव गावकरी म्हणतात तसं हवं, सोबत अक्षांश-रेखांश हवेत, उंची, तारीख, वेळ, पाहणाऱ्याचं नाव हवं. रान कसलं आहे तेही एका ओळीत हवं : मोकळा साग, ओढ्याकाठ, गवताळ माळ, की कॉफीची बाग. ही चिठ्ठी जागेवरच, पेन्सिलने लिहा. शाई धुक्यात पसरते. संध्याकाळी खोलीवर बसून आठवून लिहिलेल्या नोंदी मी वेगळ्या रंगाने लिहायला सांगतो, म्हणजे कुणावर किती विसंबायचं ते वाचणाऱ्याला दिसतं.

रानपिंगळा आणि गावातला साधा पिंगळा यांत गल्लत फार होते, म्हणून तेही इथे सांगून टाकतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, पोटावर तपकिरी खुणा असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, करडी-तपकिरी. छाती दाट तपकिरी, त्याखाली पोट मध्यभागी स्वच्छ पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. तो दिवसा जागा असतो, आणि थंडीच्या सकाळी निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतो. दिसला तर फोटो घ्या, लांबूनच परत फिरा आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. आवाज वाजवून त्याला बोलावणं तर मुळीच नको, विणीच्या हंगामात तो ढोलीपासून दूर पळाला तर पिलं उघडी पडतात.

मग अभ्यास करायचा कसला? माझं उत्तर मी वर्षानुवर्षं तेच देतो : मेळघाट अभ्यासू नका, मेळघाटातला एक तुकडा अभ्यासा. रस्त्याचा एक किलोमीटर, एका नाल्याचा शंभर मीटरचा काठ, एखाद्या वावराचा बांध, महाविद्यालयाच्या आवारातली पाच झाडं. तो तुकडा घराजवळचा हवा, जिथे महिन्यातून दोनदा जाणं शक्य आहे असा. आणि त्याला एकच प्रश्न विचारा. 'इथे काय काय आहे?' हा प्रश्न नाही. 'इथे हे कधी येतं, किती येतं, आणि कशामुळे कमी-जास्त होतं?' हा प्रश्न आहे.

उदाहरण घ्या. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटात पळस, मोह, आंबा ही झाडं पायथ्यापासून माथ्यापर्यंत भेटतात. तेच झाड वर किती दिवसांनी फुलतं? रस्त्याकडेची दहा पळसं आणि दहा मोह ठरवा, प्रत्येकाची उंची आणि जागा नोंदा, आणि जानेवारी ते मे दर आठवड्याला बसने वर जाताना पाहा : कळी, फूल, पान, फळ. एवढंच. हे काम कुणाच्याही परवानगीशिवाय, रस्त्यावरून होतं. तीन वर्षं केलंत तर तापमान वाढतंय त्याचा मोहावर काय परिणाम होतो, याबद्दल बोलायला तुमच्याजवळ आधार असेल. इथल्या कोरकू आदिवासी कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबात मोहाची फुलं मोठी जागा व्यापतात, त्यामुळे हा प्रश्न फक्त पुस्तकी नाही.

दुसरं उदाहरण कॉफीच्या बागांचं. सावलीच्या झाडांखाली वाढलेली कॉफी आणि शेजारचं रान, या दोन्हींत जमिनीवर फिरणाऱ्या मुंग्या, कोळी, पानकचऱ्यातले किडे यांत काय फरक पडतो? मालकाची तोंडी नव्हे, लेखी संमती घ्या. तिसरं भीमकुंडाच्या पाण्याचं. पर्यटकांच्या हंगामाआधी आणि हंगामानंतर ओढ्यातल्या दगडांखालचे जलकीटक कसे बदलतात? चौथं घाटरस्त्यावर गाड्यांखाली मरणाऱ्या सापांचं, बेडकांचं. एकच ठरलेला पट्टा, पहाटेच, पायी, परावर्तक जाकीट घालून, प्रत्येक मेलेल्या प्राण्याचा मोजपट्टीसह फोटो. मृत प्राणी उचलून घरी आणायचा नाही, तो कायद्याने संरक्षित असू शकतो. असे आकडे नियमित मिळाले तर गतिरोधक कुठे हवेत, हे बांधकाम खात्याला आणि वन खात्याला बोट ठेवून दाखवता येतं.

पद्धतीबद्दल थोडक्यात. झाडं मोजायची तर दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा आणि खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्या. गवत आणि झुडपांच्या रोपांसाठी एक मीटरचा चौकोन पुरतो. पक्ष्यांसाठी एका ठरलेल्या जागी ठरलेली मिनिटं उभे राहा, दहा म्हणजे दहा. चौकोन कुठे टाकायचा ते डोळ्यांना चांगलं दिसेल तिथे नव्हे, आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि काही दिसलं नाही तर 'शून्य' लिहा. नवशिक्यांच्या वहीत शून्य सापडत नाही, म्हणून त्या वह्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. ज्या सकाळी धुकं होतं, पक्षी गप्प होते, तुम्ही दहा मिनिटं थंडीत उभे राहून काहीच ऐकलं नाही, ती सकाळही नोंदच आहे. पुढे कुणी विचारेल, 'अमुक पक्षी तेव्हा नव्हता कशावरून?' तेव्हा उत्तर त्या शून्यांत असतं.

गवतांवर मला जरा थांबायचं आहे, कारण मेळघाटात वाघाच्या नावाने पैसा आणि नजर येते, आणि वाघाचं जेवण ज्यावर जगतं ते गवत मात्र कुणाच्या यादीत नीट नसतं. चिखलदऱ्याच्याच महाविद्यालयातले डॉ. गजानन मुरतकर यांनी गवतांचा अभ्यास करून दाखवलं की इथल्या शिक्षकालाही देशाला उपयोगी पडणारं काम करता येतं. बोरी, कोहा, कुंड ही गावं २००१ नंतर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातून बाहेर वसवली गेली. त्यांच्या ओसाड शेतांवर तण माजू न देता चांगली चाऱ्याची गवतं उभी करायची, हा मेळघाटातला मोठा प्रयोग होता, आणि त्यात गवत ओळखता येणारा माणूस लागला.

गवत ओळखायला शिकायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळावर बसा, उभ्याने काही दिसत नाही. एक काडी घ्या. पान जिथे खोडाला धरतं तिथे ते हलकेच वाकवा. आत पातळ पडद्यासारखी किंवा केसांची एक लहान पट्टी दिसेल, ती पर्णजिव्हा. तिचा आकार जातीगणिक वेगळा. मग पेरावर बोट फिरवा, केस आहेत का गुळगुळीत आहे? मग तुऱ्यातलं एक कणिश भिंगाखाली घ्या. तिखाडीचं पान चुरगाळलं की गुलाबासारखा तिखट सुगंध येतो. याच गवतापासून रोशा तेल काढतात. आणि त्याच्या रुंद पानाचा बुडखा हृदयासारखा होऊन खोडाला कवटाळतो. कुसळीचं एक बी तळहातावर घ्या आणि त्यावर थुंकीचा थेंब टाका. त्याची लांब काळपट शेपटी ओली होताच हळूहळू पीळ सोडू लागते, बी तळहातावर फिरू लागतं. हाच पीळ पहिल्या पावसात बीला मातीत स्क्रूसारखा घुसवतो, आणि हाच पीळ तुमच्या मोज्यातही घुसतो. एकदा हे पाहिलं की कुसळी विसरणं शक्य नाही. पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी एवढी चार गवतं पक्की झाली की माळाची अवस्था वाचता येऊ लागते. गुरं फार चरली आणि वणवे वारंवार लागले की चवीची गवतं मागे हटतात, आणि रानतुळस, तरोटा, घाणेरी पुढे सरकतात. घाणेरी काढलेला आणि न काढलेला असे दोन तुकडे शेजारी मिळाले, तर तिसऱ्या वर्षी तिथे काय उगवतं हा उत्तम प्रश्न आहे.

नमुना सुकवताना चिखलदऱ्याचं धुकं आडवं येतं. पावसाळ्यात वर्तमानपत्रात दाबलेली वनस्पती दोन दिवसांत बुरसते. कागद रोज बदला, आणि शक्य असेल तर संध्याकाळी दाबपट्ट्या चुलीच्या ऊबेला ठेवा. पण ज्या रानात काहीही तोडायला मनाई आहे तिथे नमुना घेण्याचा मोह नको. तिथे फोटो घ्या : पूर्ण झाड, साल, पानाची पुढची आणि मागची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी. फक्त सुंदर फुलाचा फोटो ओळख पटवायला क्वचितच पुरतो.

सूक्ष्मजीवांकडे वळणाऱ्यांना आधी लोणार आठवावं असं मी सांगतो. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नाना अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून दाखवलं की खाऱ्या पाण्यात वाढणारे, लालसर रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव याला कारण आहेत. पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि त्यांना अनुकूल काळ आला. चिखलदऱ्यात असा नाट्यमय रंग नाही, पण सागाखालची, गवताखालची आणि कॉफीखालची माती तुलनेला हाताशी आहे. वरचा कचरा बाजूला सारून वरच्या १५ सेंटिमीटरची माती एका चौकोनातल्या पाच जागांवरून निर्जंतुक चमच्याने घ्या, एकत्र करा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. अमरावतीला पोचणं होणार नसेल तर हा प्रश्नच हातात घेऊ नका, कारण उन्हात तीन तास राहिलेली माती वेगळीच माती असते. काचपात्रात वाढतात ते मातीतल्या जीवांपैकी फार थोडे, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढा. एखादा उपयुक्त जीवाणू वेगळा करता आला तर तो घरच्या फ्रिजमध्ये मरू देऊ नका. पुण्याला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे तो जपला जातो. प्रयोगशाळाच नसेल तर दगडफुलं अभ्यासा. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात ते हे जीव, भिंगाने दिसतात, पळत नाहीत, आणि हवेच्या प्रदूषणाला संवेदनशील असतात. वाहनांच्या थांब्याजवळच्या झाडांची साल आणि आतल्या झाडांची साल यांची तुलना हा चिखलदऱ्यासाठी अगदी नेमका प्रश्न आहे.

परवानग्यांबद्दल ढिलाई नको. मेळघाट हा २२ फेब्रुवारी १९७४ रोजी जाहीर झालेला, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाट, नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्यं त्यात येतात. यात संशोधनासाठी पाऊल टाकायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज संस्थेमार्फत करा आणि त्याची प्रत अमरावतीला क्षेत्रसंचालकांच्या कार्यालयात द्या. अर्जात प्रश्न, पद्धत, नेमकी जागा, महिने, सोबतची माणसं आणि काय काय उचलणार ते स्पष्ट लिहा. मंजुरीला महिने लागतात, तेव्हा हंगामाच्या सहा महिने आधी अर्ज द्या. परवानगीशिवाय अभयारण्यातलं पानही बाहेर नेणं गुन्हा आहे, 'फक्त एकच होतं' याला अर्थ नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत तिथे ग्रामसभेकडे जा. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरसारख्या गावांनी स्वतःचं रान कसं सांभाळलं ते पाहण्यासारखं आहे. नमुने किंवा माहिती परदेशी सहकाऱ्याला पाठवायची झाली तर जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते. एम.एस्सी.च्या मुलांना हे माहीत नसतं, आणि ईमेलवर पाठवलेली फाईल पुढे अडचणीची ठरते.

गावात गेलात की वाट दाखवणारा कोरकू दादा असतो, कुणी गवळी मामा असतो, आणि कंदमुळांबद्दल सगळ्यांहून जास्त माहिती असलेली एखादी आजी असते. वाघाला कुला मामा म्हणणाऱ्या या लोकांना रानाची जाण आहे हे सगळेच लिहितात, पण अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव फार कमी जण लिहितात. वन हक्क कायदा २००६ ने पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा औषधी वनस्पतीची माहिती विचारण्याआधी ती कशासाठी हवी ते सांगा, ग्रामसभेची संमती लिहून घ्या, वाट दाखवणाऱ्याला दिवसाची मजुरी द्या, आणि कुणी 'हे सांगणार नाही' म्हणालं तर तिथे थांबा. नाव लिहायचं की नाही तेही त्यांनाच विचारा. कोरकू नावं त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून पुन्हा त्यांना वाचून दाखवा.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, असा कायदा आहे. राज्यभरात २०१९-२० च्या सुमारास या नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या. काही ठिकाणी एका गावाची यादी दुसऱ्या गावाला लावलेलीही दिसते. ग्रामपंचायतीत जाऊन तुमच्या गावाची नोंदवही बघायला मागा आणि रोजच्या पायवाटेवरच्या दहा वनस्पती तीत आहेत का ते तपासा. माधव गाडगीळ यांनी ज्या हेतूने ही कल्पना मांडली तो हेतू म्हणजे गावाने स्वतःची संपत्ती स्वतः लिहावी. एखाद्या महाविद्यालयाने एका गावाची नोंदवही दहा वर्षं सातत्याने सुधारली तर त्याचं मोल संशोधनपत्रिकेतल्या दोन निबंधांपेक्षा मी जास्त मानतो.

सुरक्षेचं थोडक्यात. चिखलदऱ्याच्या रानात अस्वलं आहेत, आणि अचानक समोरासमोर येणं माणसालाच महागात पडतं. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने जाऊ नका, बोलत चाला. पावसाळ्यात घोणस, मण्यार, फुरसं यांचा विचार करून पोटरीपर्यंतचे बूट घाला आणि दगड हाताने नव्हे, काठीने उलटा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पविषाची लस आज उपलब्ध आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा. दऱ्यांत मोबाईलला रेंज नसते, म्हणून परतायची वेळ ठरवून कुणाला तरी सांगून ठेवा. डासांपासून जपा, ताप आला तर रक्त तपासा.

शेवटी नोंदींची रवानगी. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर, इतर सजीवांच्या आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. दुर्मीळ जातींची नेमकी जागा तिथे लपवता येते, ती सोय वापरा. वनस्पतींचे नमुने महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहिले तर वाळवीच त्यांची अभ्यासक होते, म्हणून त्यांची एक प्रत पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात द्या. अहवालाच्या तीन प्रती काढा : एक ग्रंथालयात, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात, एक ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीतली प्रत मराठीत हवी, पंधरा पानांपेक्षा मोठी नको, आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला तुम्ही स्वतः जा.

५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होतो, त्या आधी गवतं फुललेली असतात. एखादा तुकडा निवडून, त्याचा नकाशा हाताने काढून, पहिली मोजणी सप्टेंबरच्या शेवटी करा. दुसरी जानेवारीत, तिसरी मोह गळायच्या सुमारास, चौथी पहिल्या पावसानंतर. परवानगीच्या रानात जायचं असेल तर अर्ज आजच टाका.